मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला नीट आणि सीईटीत वरचे गुण मिळवणं किती अवघड?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावातली मुलगी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, एसएसएलसीला (कर्नाटकची दहावीची परीक्षा) ९१ टक्के. आता बेळगावात सायन्स घेऊन फर्स्ट पीयूला, म्हणजे अकरावीला, प्रवेश घेणार आहे (सेकंड पीयू म्हणजे बारावी). तिला डॉक्टर व्हायचंय. आई विचारते की नीटमध्ये (मेडिकलची देशभरची प्रवेश परीक्षा) आणि सीईटीत (कर्नाटकची प्रवेश परीक्षा) वरचे गुण मिळवणं खरंच किती अवघड आहे? सगळे म्हणतात मराठी माध्यमाच्या मुलांना ते जमत नाही. मग अकरावीलाच कोल्हापूरला टाकावं, की कुठल्या मोठ्या हॉस्टेलवाल्या कॉलेजात घालावं?

मी बेळगावात पीयूच्या मुलांना फिजिक्स शिकवतो आणि संध्याकाळी नीट-सीईटीची तयारी घेतो. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं खानापूर, येळ्ळूर, उचगाव, कडोली, निपाणी या भागातली असतात. त्यामुळे ताई, तुमच्या मुलीसारखी मुलं मी दर जूनमध्ये बघतो. सरळ सांगतो: अवघड आहे. पण लोक ज्या कारणाने अवघड म्हणतात, ते कारण बहुतेक वेळा चुकीचं असतं.

आधी ‘वरचे गुण’ म्हणजे काय ते ठरवू, कारण प्रत्येक परीक्षेत त्याचा अर्थ वेगळा आहे. नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकलं तर १ जातो. २०२४ ला ६५० च्या वर तीस हजारांच्या आसपास मुलं होती. २०२५ ला फिजिक्सचा पेपर कडक निघाला, देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ पडले आणि ६५० च्या वर शंभर मुलंसुद्धा नव्हती. म्हणजे एका वर्षी ६५० पडूनही सरकारी जागेची धाकधूक होती, आणि दुसऱ्या वर्षी तेच ६५० म्हणजे देशातल्या पहिल्या शंभरात. म्हणून कोणी ‘किती गुण पाहिजेत’ असं विचारलं की मी आकडा सांगत नाही. रँक बघायची. शेजारचे लोक दोन वर्षांपूर्वीचा आकडा धरून मुलीला घाबरवत असतील तर त्यांना चहा पाजा आणि विषय बदला.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे. ‘अमक्याची पोरगी नीट पास झाली’ असं आपल्याकडे पेढे वाटून सांगतात. २०२५ ला जनरलची पात्रतेची रेषा १४४ गुणांवर होती आणि बारा लाखांवर मुलं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सरकारी कॉलेजातल्या साधारण निम्म्या. तेव्हा पात्र होणं वेगळं आणि बेळगावच्या बिम्ससारख्या सरकारी मेडिकल कॉलेजात बसणं वेगळं. तुमची खरी स्पर्धा त्या लाखभरात आहे.

आता अवघड कुठे आहे ते बघा. नीटचा एकेक प्रश्न सुटा काढून मुलीसमोर ठेवला आणि दहा मिनिटं दिली, तर ९१ टक्क्यांची मुलगी सेकंड पीयूच्या शेवटी त्यातले बरेचसे सोडवते. हे मी वर्गात नेहमी करून बघतो. तेच प्रश्न १८० मिनिटांत १८०, म्हणजे एका मिनिटाला एक, असे आले की ती कोसळते. ज्ञान तेवढंच असतं, वेळ गेलेला असतो. आणि मराठी माध्यमाच्या मुलांचा तो वेळ कुठे जातो हे मला पाठ झालंय. तो इंग्रजी वाचण्यात जातो.

दहावीपर्यंत ही मुलं विज्ञान मराठीत शिकतात, आणि चांगलं शिकतात. आमच्या भागातल्या खेड्यातल्या शाळांमधल्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे, पाया ते पक्का करून देतात. मग जूनमध्ये एकदम सगळं इंग्रजीत येतं. पहिल्या महिन्यात मुलं लेक्चरला मान डोलवतात आणि घरी जाऊन पुस्तक उघडलं की एका पानाला अर्धा तास लागतो. गणपतीपर्यंत ती नोट्स पाठ करायला लागतात, कारण समजून वाचायला वेळ पुरत नाही. दिवाळीपर्यंत पाठांतराची सवय लागून जाते. नुकसान इथे होतं, आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. कॉलेजच्या परीक्षेत पाठांतरावर ८० टक्के पडतातच, घरचेही खूश असतात. दीड वर्षाने मॉक टेस्ट सुरू झाल्या की ‘खालीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही’ या प्रश्नात तो ‘नाही’ दिसतच नाही. दोन विधानं देऊन ‘दुसरं हे पहिल्याचं कारण आहे का’ असं विचारतात, तिथे प्रश्न तीनदा वाचावा लागतो. बायोलॉजीचे ९० प्रश्न चांगल्या तयारीच्या मुलाने ४५ ते ५० मिनिटांत संपवायचे असतात. आपली मुलगी तिथे ७५ मिनिटं घेते, केमिस्ट्रीतही तसाच वेळ जातो, मग फिजिक्सला अर्धा तास उरतो, आणि त्यावर आपण म्हणतो की तिचं फिजिक्स कच्चं आहे.

म्हणून तुमच्या मुलीसाठी माझा पहिला सल्ला: जून ते दिवाळी हे पाच महिने बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचे. या काळात नीटचे प्रश्नसंच, जाड गाईड, टेस्ट सिरीज काही नको. एनसीईआरटीची (केंद्राची पाठ्यपुस्तकं) बायोलॉजी आणि केमिस्ट्रीची पुस्तकं रोज मोठ्याने दोन पानं वाचायची आणि वाचलेलं मराठीत कोणालातरी सांगायचं. ऐकणारं माणूस तुम्हीच असलात तर उत्तम, तुम्हाला कळलं नाही तरी चालतं. सांगताना ती कुठे अडते ते तिचं तिलाच कळतं. विचार मराठीत करायला माझी काहीच हरकत नाही, करावाच. वाचन मात्र इंग्रजीत वेगाने व्हायला पाहिजे, आणि वेग रोजच्या सवयीशिवाय येत नाही. डिक्शनरी घेऊन बसायची गरज नाही. शास्त्राचे शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात, दोन-तीन महिन्यांत ते अंगवळणी पडतात.

इथे पालक हमखास विचारतात की नीटचा पेपर मराठीत पण असतो की ओ, मग मराठीतच का द्यायची नाही? असतो. नीट १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे आणि कन्नडही आहे. पण मराठीचा पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळतो. बेळगावचं केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. मराठी हवा असेल तर फॉर्म भरतानाच महाराष्ट्रातलं केंद्र निवडावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भाषांतरात काही घोळ असला तर इंग्रजीतला प्रश्नच अंतिम धरतात. दोन वर्षं इंग्रजीत शिकलेल्या मुलीने शेवटच्या दिवशी मराठीकडे वळावं असं मला वाटत नाही. कॉलेजात मोमेंटम आणि इंडक्शन ऐकून ऐकून कान तयार झालेले असतात, आणि पेपरात ‘संवेग’ आणि ‘प्रवर्तन’ वाचताना परत एक पायरी वाढते. अकरावी-बारावी सायन्स खरोखर मराठीत शिकलेल्या मुलाची गोष्ट वेगळी, पण आपल्याकडे तशी सोय जवळपास नाही.

फिजिक्सबद्दल जरा जास्त बोलतो, माझाच विषय आहे. नीटला फिजिक्सचे ४५ प्रश्न, १८० गुण. बायोलॉजीत ३६० पैकी ३२० च्या पुढे जाणारी मुलं आमच्याकडे दरवर्षी असतात, कारण तिथे एनसीईआरटीची ओळ न् ओळ वाचण्याला फळ मिळतं. रँक ठरते ती फिजिक्सवर. आणि फिजिक्समध्ये मुलं बहुतेक वेळा फिजिक्सला अडत नाहीत, गणिताला अडतात. दहाचे घात, लॉगॅरिथम, साइन-कोसाइनच्या किमती, आलेखाचा उतार, वर्गमूळ अंदाजाने काढणं. परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही. म्हणून डॉक्टर व्हायचंय म्हणून गणित सोडायचं, हा सल्ला मी कधी देत नाही. आपल्याकडे पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेता येतं, तेच घ्यावं. त्यामुळे इंजिनिअरिंगचं दारही उघडं राहतं. रोज पंधरा मिनिटं नुसती आकडेमोड, कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय. ऐकायला बाळबोध वाटतं, पण सेकंड पीयूच्या जानेवारीत जी मुलं पुढे गेलेली दिसतात त्यांच्यात हा गुण असतोच असतो.

फर्स्ट पीयूची परीक्षा पुढे कुठेच मोजत नाहीत, म्हणून ते वर्ष हलकं घ्यायची आपल्याकडे रीत आहे. कॉलेजंही काही वेळा तिथले धडे भराभर गुंडाळून बारावीचा अभ्यासक्रम आधीच सुरू करतात. हे घातक आहे. नीटचे जवळपास निम्मे प्रश्न अकरावीच्या भागावर असतात. मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, लहरी, वनस्पती आणि प्राण्यांचं शरीरशास्त्र, हे सगळं अकरावीचं. सीईटीतही दोन्ही वर्षांचा भाग येतो. सेकंड पीयूत बोर्डाच्या तयारीबरोबर अकरावी नव्याने शिकायला वेळ नसतो, उजळणी तेवढी होते. आणि उजळणी शिकलेल्याचीच होते.

आता चुकीच्या उत्तराचा एक गुण कापण्याबद्दल. क्लासमध्ये सरसकट सांगतात की येत नसेल तर सोडून द्या. हिशोब केला तर चार पर्यायांतून डोळे मिटून ठोकलं तरी सरासरीने तोटा होत नाही, किंचित फायदाच होतो: चारातलं एक बरोबर आलं तर ४ मिळतात, बाकी तीन चुकले तर ३ जातात. पण मुलं डोळे मिटून ठोकत नाहीत, अर्धवट आठवणीवर ठोकतात. आणि पेपर काढणाऱ्याने चुकीचे पर्याय त्या अर्धवट आठवणीसाठीच बसवलेले असतात. सूत्रात वर्ग करायला विसरलात तर येणारं उत्तर पर्यायांत असतं, एकक बदलायला विसरलात तर येणारंही असतं. म्हणून माझा नियम वेगळा आहे. दोन पर्याय कारण देऊन खोडता आले तर उरलेल्या दोनांतून निवडायचं. एकही खोडता आला नाही आणि ‘असंच काहीतरी होतं’ असं वाटतंय, तर पुढे जायचं. बरोबर आणि चूक यांत पाच गुणांचा फरक पडतो, आणि पाच गुणांत रँक हजारोंनी हलते.

प्रत्येक टेस्टनंतर चुका तीन रकान्यांत लिहायच्या: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, आकडेमोड चुकली. फर्स्ट पीयूच्या मुलांचा मधला रकाना बहुधा सर्वांत लांब असतो. तो आखूड होत गेला की समजायचं गाडी रुळावर आहे, एकूण गुण काहीही असोत.

सीईटी ही वेगळी परीक्षा आहे आणि तिला कमी लेखायचं कारण नाही. कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेतं. प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, ६० गुण, ८० मिनिटं. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे उत्तरपत्रिकेवरचा एकही गोळा रिकामा ठेवायचा नाही, शेवटची दोन मिनिटं त्यासाठीच राखायची. इंजिनिअरिंगची रँक सेकंड पीयूचे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे गुण आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरून लावतात. पीयूला ९५ टक्के आणि सीईटीला १८० पैकी १०८, म्हणजे ६० टक्के, असं असेल तर सरासरी ७७.५ येते. पीयूला ९० आणि सीईटीला ७० टक्के असणारी मुलगी ८० वर जाते, म्हणजे पुढे. बोर्डात नव्वदीच्या वर गर्दी असते, तिथे मुलांमध्ये फार अंतर पडत नाही. अंतर पडतं सीईटीत. आमच्याकडचे पालक बोर्डाच्या दोन टक्क्यांसाठी जीव टाकतात आणि सीईटीला ‘महिनाभर क्रॅश कोर्स लावू’ म्हणतात. उलटं करायला पाहिजे. बोर्डाला आता वर्षात एकाहून जास्त परीक्षा आहेत, कमी पडलं तर सुधारता येतं. सीईटी वर्षातून एकदाच.

सीईटीच्या संदर्भात २०२४ ची गोष्ट लक्षात ठेवा. त्या वर्षी पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न आले, बोंबाबोंब झाली आणि शेवटी ५० प्रश्न मूल्यमापनातून वगळावे लागले. एनसीईआरटीने धडे कमी केलेत, नीटचा अभ्यासक्रमही २०२४ पासून बदललाय. केमिस्ट्रीतले सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स गेले. बायोलॉजीत अकरावीचं पचनसंस्थेचं प्रकरण, मिनरल न्यूट्रिशन, बारावीचं पर्यावरणाच्या समस्यांचं प्रकरण, हे गेलं. आपल्या गावाकडे थोरल्या भावंडांची, चुलत्या-मामाच्या मुलांची पुस्तकं वापरायची पद्धत आहे. पैसे वाचतात, चांगलंच आहे. पण पुस्तक उघडायच्या आधी चालू अभ्यासक्रमाचा कागद शेजारी ठेवून गेलेल्या धड्यांवर पेन्सिलीने फुली मारा.

कोल्हापूरला टाकावं का? गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला अकरावी केली तर महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी सोयीची पडते. तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रश्न मराठीतही मिळतात (गणित फक्त इंग्रजीत), चुकीला गुण कापत नाहीत, आणि अकरावीचा भाग २० टक्केच असतो. इंजिनिअरिंग-फार्मसीसाठी हा मार्ग वाईट नाही. वादग्रस्त सीमाभागातल्या शाळांतून शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना महाराष्ट्र आपल्या प्रवेशात वेगळी जागा देतं, वैद्यकीयलाही थोड्या जागा आहेत. त्यासाठी मातृभाषेचा आणि गाव त्या भागात असल्याचा दाखला लागतो. पण मुलीला डॉक्टर व्हायचंय, आणि नीट सगळीकडे एकच आहे. नुसत्या नीटसाठी घर सोडून जायचं कारण मला दिसत नाही. तरी गेलीच तर कर्नाटकातला हक्क लगेच जात नाही: पहिली ते बारावीतली किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण आणि एसएसएलसी किंवा सेकंड पीयू इथून पास, एवढं असलं की कर्नाटकच्या जागांना पात्रता राहते. तुमच्या मुलीची ती अट आत्ताच पूर्ण झालीय.

मोठ्या हॉस्टेलवाल्या कॉलेजांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. त्यांचे फलकावरचे चेहरे खरे असतात, पण पहिल्या वर्गातल्या निवडक मुलांचे. चौकशीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. गुणांप्रमाणे वर्ग पाडता का, आणि शेवटच्या वर्गाला कोण शिकवतं? टेस्टनंतर चुकांवर चर्चा होते की नुसती रँक लावता? मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांसाठी पहिल्या तीन महिन्यांत वेगळं काय करता? तिसऱ्याला सरळ उत्तर आलं नाही तर पैसे खर्च करू नका. हे तिन्ही प्रश्न बेळगावातल्या कॉलेजलाही विचारा आणि ट्युशनवाल्यालाही, मलासुद्धा.

घर सोडण्यापेक्षा मला एसटीची काळजी जास्त वाटते. जांबोटी-कणकुंबीकडून येणाऱ्या मुली पावसाळ्यात पहाटे निघतात आणि अंधारात घरी पोचतात, त्यात घाटाकडे वीज गेलेली. तुमचा प्रवास एका बाजूने तासाभराहून जास्त असेल तर बेळगावात नातेवाईकांकडे किंवा साध्या मुलींच्या हॉस्टेलवर ठेवा. झोप सहा तासांच्या खाली गेली की वाचनाचा वेग सगळ्यात आधी पडतो, आणि आपल्याला तर तोच वाढवायचाय.

डॉक्टरकीच्या बरोबरीने बी.फार्म., कृषी, पशुवैद्यकीय हे कोर्स सीईटीतून आहेत, त्यांचे फॉर्म भरून ठेवा. शेती असेल तर कृषीला शेतकऱ्यांच्या मुलांचा वेगळा कोटा आहे, त्याची प्रात्यक्षिक परीक्षा असते. उसाच्या घरातल्या मुलीला ती जड जात नाही. वर्ष रिपीट करायचं की नाही हे आत्ता ठरवू नका. वेळ पुरला नाही म्हणून गुण गेले असतील तर एका वर्षात चांगली सुधारणा होते. अकरावीच कच्ची राहिली असेल तर ते वर्ष बहुतेक तसंच जातं.

आणि कागदपत्रं. हे एप्रिलमध्ये नव्हे, आत्ता जूनमध्ये करा. गावाकडच्या मुलांसाठी १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे, पण ते घर कुठे आहे यावर नाही, शाळा कुठे होती यावर मिळतं: पहिली ते दहावी दहाही वर्षं महानगरपालिका, नगरपालिका, नगर पंचायतीच्या हद्दीबाहेरच्या शाळेत. तुमची मुलगी हायस्कूलला खानापूर शहरात (तिथे नगर पंचायत आहे) जात असेल तर हे आरक्षण लागणार नाही, गावातल्याच शाळेत दहावी झाली असेल तर लागेल. कन्नड माध्यमाचं ५ टक्के आरक्षण आपल्या मुलांना नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून वर्षवार शिक्षणाचा दाखला घ्यायचा आणि त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकारी) सही घ्यायची. प्राथमिक आणि हायस्कूल वेगळं असेल तर दोन्हीकडून. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय), त्यावरचा आरडी नंबर सीईटीच्या फॉर्ममध्ये टाकावा लागतो. मराठा असाल तर ३बी हा प्रवर्ग. दाखल्यावरचं नाव, एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. आपल्याकडे मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना हमखास बदलतं, आणि दुरुस्तीला महिने लागतात.